दुकानापुढे गिऱ्हाईक पडले, तर भरपाई कोणाची?

व्यापारातला धोका म्हटला की आम्हा कापडवाल्यांना सुताचे चढलेले भाव, बुडालेली उधारी आणि सीझन संपल्यावर अडकून पडलेला माल एवढेच आठवते. आपल्याच दुकानाच्या दारात गिऱ्हाईक घसरून पडले आणि त्याचे हाड मोडले, तर तो खर्च कोणाच्या खात्यात लिहायचा, हा प्रश्न आम्हीही तीस वर्षांच्या धंद्यात कधी स्वतःला विचारला नव्हता. २०१८ सालच्या रमजानने तो आम्हाला विचारायला भाग पाडले. तो अनुभव, आणि त्यानंतर वकिलांकडून व उलेमांकडून जे समजून घेतले, ते व्यापारी व कारागीर बांधवांपुढे ठेवीत आहोत.

घडले ते असे

जूनचा पहिला आठवडा होता. ईद तोंडावर आली होती आणि मालेगावचा रस्ता उन्हाने भाजून निघत होता. असरच्या नमाजनंतर गिऱ्हाईक बाहेर पडते, म्हणून आम्ही दुकानातल्या पोराला रोजच्याप्रमाणे दारापुढे पाणी मारायला सांगितले. आमच्या दुकानापुढे गटारावर शहाबादी फरशी टाकलेली आहे आणि तिच्यावरून आत चढायला एक पायरी आहे. पायरीची कड झिजून काचेसारखी गुळगुळीत झाली होती. दोन महिन्यांपूर्वी छताच्या कामाला आलेल्या गवंड्याने ती पाहून म्हटले होते, ‘सेठ, ही पायरी कोणाला तरी पाडणार. चार हजारांत नवीन करून देतो.’ ईद होऊ दे, मग बघू, असे सांगून आम्ही विषय संपवला होता.

त्या दिवशी एक वयस्क खाला नातवंडांच्या कपड्यांसाठी आल्या. वीस वर्षांपासूनचे आमचे गिऱ्हाईक. बेवा बाई, शिलाई मशीनवर घर चालवणाऱ्या. ओल्या फरशीवर त्यांचा पाय सरकला आणि पायरीच्या कडेवर त्या कमरेवर आपटल्या. खुब्याचे हाड मोडले. नाशिकला नेऊन ऑपरेशन करावे लागले.

त्यानंतर आम्ही सर्वात आधी जे केले ते सांगायला आजही लाज वाटते. आम्ही पोराला चार माणसांत झापले आणि त्याचा अर्ध्या महिन्याचा पगार कापला. संध्याकाळी इफ्तारनंतर शेजारचे व्यापारी जमले. एक म्हणाले, ‘पैसे देऊ नका. दिले म्हणजे चूक कबूल केली असे होते.’ दुसरे म्हणाले, ‘पडणे नशिबात होते, त्याला तुम्ही काय करणार?’ तिसऱ्यांनी तोडगा काढला, ‘बाई गरीब आहे, रमजान आहे, जकातीतून काही रक्कम देऊन टाका. सवाबही मिळेल आणि तोंडही बंद होईल.’ हा तोडगा आम्हाला फारच पसंत पडला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दवाखान्यात गेलो. खालांचा मुलगा यंत्रमागावर काम करणारा. त्याने ना भांडण केले, ना पोलिसांचे नाव काढले. त्याने एवढेच विचारले, ‘सेठ, अम्मीची मशीन आता सहा महिने बंद. तिचे काय करायचे?’ आमच्याकडे उत्तर नव्हते. खिशात जकातीचे पाकीट होते, ते तसेच घेऊन आम्ही परत आलो.

मौलानांनी हिदाया उघडली

तरावीहनंतर आम्ही मोहल्ल्याच्या मशिदीतील मौलानांना गाठले. आम्हाला फक्त जकातीचा मसला विचारायचा होता. त्यांनी उलट आम्हालाच तीन सवाल केले. पाणी कोणाच्या सांगण्यावरून मारले? पायरी कोणाच्या जागेत आहे? आणि ती झिजली आहे हे तुम्हाला आधी कोणी सांगितले होते का?

तिन्हींची खरी उत्तरे दिल्यावर ते आत गेले आणि हिदाया घेऊन आले. बुऱ्हानुद्दीन मर्गीनानी यांचा हा ग्रंथ हनफी फिक्हचा पाया मानला जातो. ग्रंथकारांचे निधन ११९७ साली झाले. म्हणजे आठशे वर्षांपूर्वीचे हे लिखाण. मौलानांनी दियतच्या प्रकरणातील मसले उर्दूत समजावून सांगितले, आणि ते मसले आमच्याच दुकानापुढे उभे राहून कोणी लिहिले असावेत असे आम्हाला वाटू लागले.

पहिला मसला असा की, आम रस्त्यावर कोणी पाणी ओतले किंवा शिंपडले आणि त्यावरून जाणाऱ्याला इजा झाली, तर पाणी टाकणारा जामीन, म्हणजे भरपाईला बांधलेला आहे. दुसरा मसला ऐकून आमची मान खाली गेली. दुकानाच्या पुढची जागा दुकानदाराच्या सांगण्यावरून दुसऱ्याने शिंपडली, तर नुकसानीची जबाबदारी शिंपडणाऱ्यावर नाही, सांगणाऱ्यावर येते. ज्या पोराचा पगार आम्ही कापला होता, त्याच्याकडे काही देणे निघतच नव्हते.

तिसरा मसला रस्त्यावर काढलेल्या बांधकामाचा. परनाळा, छज्जा किंवा दुकान आम रस्त्यावर काढले आणि त्यामुळे कोणी दगावले, तर काढणाऱ्यावर जबाबदारी येते. इथे अरबीतील ‘दुकान’ या शब्दाचा अर्थ बसायचा ओटा असा आहे, हेही मौलानांनी सांगितले. आपण रोज ज्या शब्दाने पोट भरतो तो मुळात ओट्याचा शब्द. आणि आमचा ओटा तर गटारावर, म्हणजे महानगरपालिकेच्या जागेत.

चौथा मसला झुकलेल्या भिंतीचा. सरळ बांधलेली भिंत पुढे रस्त्याकडे झुकली आणि कोणी मालकाला साक्षीदार ठेवून सांगितले की ती उतरवून घे, आणि उतरवण्याइतका वेळ मिळूनही मालकाने हयगय केली, तर पुढच्या नुकसानीला मालक बांधील होतो. असे सांगणारा मुसलमान असो वा गैरमुस्लिम, फरक पडत नाही, कारण रस्त्याने जाण्याचा हक्क सर्वांचा सारखा आहे. मौलाना म्हणाले, ‘तुमच्या गवंड्याने साक्षीदार आणले नव्हते. पण तुम्ही स्वतःच साक्षीदार आहात.’

शेवटी आम्ही जकातीचे विचारले. ते म्हणाले, ‘जकात हा गरिबाचा हक्क आहे. तुमच्या अंगावरचे देणे तुम्ही त्यातून कसे फेडाल? हे तर तुमचे कर्ज आहे. आणि कर्ज फेडताना सवाबाचा हिशोब नंतर करायचा असतो.’

देशाचा कायदा काय म्हणतो

यानंतर आम्ही आमच्या वकिलांकडे गेलो. त्यांच्या सांगण्याचा सार असा.

इंग्लंडमध्ये यासाठी १९५७ पासून स्वतंत्र कायदा आहे. भारतात तसा वेगळा कायदा नाही. आपल्याकडची न्यायालये निष्काळजीपणाच्या सर्वसाधारण तत्त्वावर निवाडा करतात. जागा ज्याच्या ताब्यात आहे, त्याने तिथे येणाऱ्या माणसाची वाजवी काळजी घेतली पाहिजे. जो धोका त्याला ठाऊक होता, किंवा लक्ष दिले असते तर ठाऊक झाला असता, तो दूर केला नाही आणि त्यामुळे कोणाला इजा झाली, तर भरपाई द्यावी लागते. नोकराने मालकाच्या कामात केलेल्या चुकीलाही मालकच जबाबदार असतो. म्हणजे कायदा आणि हिदाया या दोघांनीही आमच्या पोराला मोकळे केले आणि आम्हाला पकडले.

हे तत्त्व ज्या जुन्या खटल्यातून ठळक झाले, तो एका कारागिराचाच होता. १८६६ साली इंग्लंडमधील न्यायालयाने त्याचा निकाल दिला. गॅसच्या नळ्या तपासायला साखरेच्या कारखान्यात गेलेला एक फिटर वरच्या मजल्यावरील कठडा नसलेल्या मोकळ्या भोकातून खाली पडला. तो कारखान्याचा नोकर नव्हता, पण मालकाच्या कामासाठी आला होता. म्हणून मालकाला जबाबदार धरण्यात आले. आपल्या गोदामात गाठी घेऊन येणारा हमाल, साच्याची मोटर दुरुस्त करायला आलेला मिस्त्री, मीटर पाहायला आलेला माणूस हे सर्व याच फिटरचे भाऊबंद समजावेत.

आपल्या देशातील दोन निवाडे व्यापाऱ्यांनी लक्षात ठेवावेत. दिल्लीच्या चांदनी चौकातील घंटाघर कोसळून माणसे दगावली. त्या खटल्यात १९६६ साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली महापालिकेला जबाबदार धरले. इमारत ८० वर्षांची होती आणि त्या प्रकारच्या चुन्याच्या बांधकामाचे आयुष्य ४०-४५ वर्षेच होते. दोष वरून दिसत नव्हता, ही सबब चालली नाही. रस्त्यालगतची इमारत सांभाळणे हे मालकाचे कर्तव्य, असे न्यायालयाने म्हटले. दुसरा निवाडा दिल्लीच्याच उपहार चित्रपटगृहाचा. १३ जून १९९७ रोजी तिथे आग लागून ५९ प्रेक्षक मृत्युमुखी पडले. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने मृतांपैकी २० वर्षांवरील प्रत्येकामागे १० लाख आणि त्याखालील प्रत्येकामागे साडेसात लाख रुपये भरपाई ठरवली. तिचा ८५ टक्के भार चित्रपटगृहाच्या परवानाधारकावर टाकला. तिकीट काढून आत आलेला माणूस आणि कापड घ्यायला आत आलेला माणूस, दोघेही आपण बोलावलेलेच.

न बोलावता आलेल्या माणसाचे काय? बिहारमधील एका घरमालकाने परके लोक संडास वापरतात म्हणून वाटेत विजेची उघडी तार लावली आणि शेजारची बाई तिला लागून मेली. सर्वोच्च न्यायालयाने १९६० च्या दशकात त्या मालकाची शिक्षा कायम ठेवली. परवानगीशिवाय आलेल्या माणसासाठीही सापळा लावता येत नाही. कुंपणात वीज सोडणाऱ्यांनी आणि भिंतीवर उघड्या तारा लोंबू देणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

प्रकरण नुसत्या पैशावरही थांबत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास तिच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. निष्काळजीपणाने दुसऱ्याचा जीव धोक्यात घालून इजा केल्यास कलम १२५ आहे. माणूस दगावला तर त्याची पत्नी किंवा पती, आईवडील आणि मुले यांना १८५५ च्या प्राणांतिक अपघात कायद्याखाली भरपाई मागता येते.

याचा अर्थ दारात पडणारा प्रत्येक माणूस आपल्या गळ्यात पडतो असा मुळीच नाही. दुकान स्वच्छ, कोरडे आणि उजेडाचे असेल आणि कोणी स्वतःच्याच घाईने अडखळला, तर मालक बांधील नाही. चूक दोघांची असेल तर न्यायालय भरपाई त्या प्रमाणात कमी करते. हिदायातही म्हटले आहे की, वाट मोकळी असताना कोणी जाणूनबुजून पाण्यातूनच चालला, तर शिंपडणारा सुटतो. मात्र ‘आपल्या जबाबदारीवर आत यावे’ अशी पाटी लावली म्हणजे आपण सुटलो, या भ्रमात कोणी राहू नये. पाटीने धोका कळतो, पण पायरी दुरुस्त होत नाही.

भाड्याच्या जागेत जबाबदार कोण?

आपल्यापैकी बहुतेकांची दुकाने भाड्याची किंवा पगडीची असतात. साधारण नियम असा की, ताबा ज्याचा त्याची जबाबदारी. दुकानाच्या आतली फरशी भाडेकरूची, तर सर्वांच्या वापराचा जिना आणि गॅलरी घरमालकाची. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १४ प्रमाणे जागा दुरुस्त ठेवणे हे घरमालकाचे काम आहे. १५ दिवसांची लेखी नोटीस देऊनही त्याने वाजवी वेळेत काम केले नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र एका वर्षात ही रक्कम वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त असू नये. म्हणून जिन्याचा कठडा हलत असेल तर तोंडी कुरकुर करीत बसू नये. नोटीस द्यावी आणि तिची पोच जपून ठेवावी. झुकलेल्या भिंतीचा मसला इथेही तोच आहे.

ज्यांच्या खाली साचे आणि वर घर आहे, त्यांनी दोन्ही बाजूंनी विचार करावा. मजूर कामावर असताना पडला, तर त्याची भरपाई वेगळ्या कायद्याने ठरते. १९२३ पासून चालत आलेला तो कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत समाविष्ट झाला आहे. पण मजुराला डबा द्यायला आलेला त्याचा लहान मुलगा, वर घरी आलेला पाहुणा, वलीम्याला गच्चीवर जेवायला बसलेले लोक, हे सर्व या लेखाच्या विषयात येतात. कठडा नसलेल्या छतावर झोपण्यापासून प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सावध केल्याची हदीस अबू दाऊदमध्ये आहे. उन्हाळ्यात आपले अर्धे गाव गच्चीवर झोपते आणि पतंगाच्या दिवसांत पोरे तिथेच पळतात. किती गच्च्यांना छातीइतका कठडा आहे, हे ज्याने त्याने वर जाऊन पाहावे.

विमा आणि आकिला

विमा एजंट ‘पब्लिक लायबिलिटी’ हा शब्द वारंवार उच्चारतात. यात एक गोंधळ होतो. १९९१ चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा भोपाळच्या वायू दुर्घटनेनंतर आला आणि तो घातक रसायने हाताळणाऱ्यांसाठी आहे. कापड दुकानाशी त्याचा संबंध नाही. दुकानदारांच्या एकत्रित पॉलिसीत तिसऱ्या माणसाला झालेल्या इजेचा वेगळा भाग असतो. तो बहुधा वेगळा मागून घ्यावा लागतो. नुसत्या आगीच्या पॉलिसीत गिऱ्हाईक पडल्याचे पैसे मिळत नाहीत. ज्यांच्याकडे पॉलिसी आहे त्यांनी ती एकदा उघडून वाचावी. विमा घेणे शरीअतच्या दृष्टीने योग्य की नाही, यावर उलेमांत मतभेद आहेत. ज्याने त्याने आपल्या विश्वासाच्या मुफ्तींना विचारावे.

पण विमा घ्यायचा नाही म्हणून जबाबदारीही घ्यायची नाही, हे चालणार नाही. फिक्हमध्ये चुकून झालेल्या मृत्यूची दियत एकट्या माणसावर पडत नाही. त्याची ‘आकिला’, म्हणजे त्याच्या पाठीशी असलेली जमात, ती तीन वर्षांत मिळून भरते. हेतू असा की पीडिताला हक्क मिळावा आणि चुकलेला माणूसही उद्ध्वस्त होऊ नये. आपल्या बाजारपेठांमधून व्यापारी संघटना आहेत, त्यांच्या बैठका होतात, जलसे होतात. प्रत्येक दुकानामागे दरमहा थोडी रक्कम जमवून अशा प्रसंगासाठी फंड उभा करणे त्यांना अवघड नाही.

काय करावे

पायरी, ओटा, गटारावरची फरशी, जिना आणि उजेड यांची रमजान, दिवाळी व लग्नसराईच्या आधी एकदा पाहणी करावी. गुळगुळीत फरशीला टाकी मारून घ्यावी. पाणी मारायचेच असेल तर गिऱ्हाईक येण्याच्या बऱ्याच आधी मारावे आणि चढायची जागा कोरडी ठेवावी. तागे, कोन आणि गाठी वाटेत ठेवू नयेत. जमिनीवरून वायर नेऊ नये. माळ्याच्या तोंडाशी कठडा असावा. गवंडी, नोकर किंवा गिऱ्हाईक धोका दाखवील त्या दिवशीच तो वहीत लिहावा आणि आठ दिवसांत दूर करावा.

कोणी पडलेच, तर त्याला घाईने ओढून उभे करू नये. हाड मोडले असेल तर इजा वाढते. ताबडतोब दवाखान्यात न्यावे आणि घरच्यांना कळवावे. प्रकार गंभीर असल्यास दवाखाना पोलिसांना कळवतो, त्याला भिऊ नये आणि खरे तेच सांगावे. हिशोब मिटवताना कागद करावा आणि दोन साक्षीदार ठेवावेत. देण्याघेण्याचे लिहून ठेवा, हा तर कुरआनचाच आदेश आहे. रक्कम ठरत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करून लोकअदालतीत प्रकरण नेता येते. तिथे कोर्ट फी लागत नाही आणि तडजोडीला कोर्टाच्या हुकुमाची किंमत असते. जखमी स्त्री असेल तर तिला सरकारी खर्चाने वकीलही मिळतो.

आमचा हिशोब

आम्ही ऑपरेशन आणि औषधाचे १ लाख ४० हजार रुपये दिले. मशीन बंद होती ते सहा महिने दरमहा खालांच्या कमाईइतकी रक्कम घरी पोचवली. कागदावर ‘मदत’ हा शब्द लिहिला होता. तो मौलानांच्या सांगण्यावरून खोडून आम्ही ‘देणे’ असे लिहिले. पोराचा कापलेला पगार परत केला आणि ज्या चार माणसांत त्याला झापले होते, त्यांच्यासमोर त्याची माफी मागितली. जकात वेगळी काढली.

पायरी ईदच्या दुसऱ्याच आठवड्यात नवीन झाली. गवंड्याने सांगितले होते तेवढेच, चार हजार रुपये लागले.

खाला आता काठी घेऊन चालतात. दर ईदला त्या येतात, पण वर चढत नाहीत. आम्ही तागे घेऊन खाली उतरतो आणि त्यांच्यासाठी बाहेर खुर्ची टाकतो. त्यांनी आम्हाला एका शब्दानेही बोल लावला नाही. पण चार हजार वाचवायला गेलो आणि एका मेहनती बाईची चाल कायमची गेली, हे आमच्या खात्यावर लिहिले गेले आहे, आणि ते कोणत्याही रकमेने खोडता येत नाही.

बांधवांनो, हा अंक वाचून झाला की एकदा उठून आपल्या दुकानाच्या दारात उभे राहा आणि खाली पाहा. अल्लाह आपल्या दारात येणाऱ्या प्रत्येकाला सलामत ठेवो. आमीन.